रंगपटातली प्रेमकथा आणि गावातला पडदा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गावात पडदा बांधून जुने बोलपट दाखवणाऱ्या कोकणातल्या मंडळांना आमची शिफारस आहे, १९२९ सालचा 'द ब्रॉडवे मेलडी' एकदा दाखवा. अमेरिकेत तो १ जानेवारी २०२५पासून कॉपीराइटमुक्त आहे. सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा हा पहिला बोलपट. पण त्याचे मोल पुरस्कारात नाही, रंगपटात, म्हणजे नटांच्या रंगभूषेच्या खोलीत, आहे. हँक आणि क्वीनी या नाचगाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या बहिणी न्यूयॉर्कला येतात. हँकचे लग्न एडीशी ठरलेले असते, आणि एडीचे मन क्वीनीवर जाते. हँकला ते कळते. तेव्हा 'माझे तुझ्यावर प्रेम नाही' असे खोटेच सांगून ती त्याला बहिणीकडे धाडते आणि मग आरशासमोर तोंडावरचा रंग पुसताना कोसळते. दशावतारी नट राजाचा मुकुट उतरवून ठेवतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हँक साकारणाऱ्या बेसी लव्हचा हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

चित्रपट जागचा हलत नाही, अशी तक्रार होते. कारण साधे आहे. कॅमेऱ्याची घरघर माइकात शिरू नये म्हणून तो बंद खोक्यात ठेवावा लागे. मात्र याच चित्रपटात एक मोठी वाट सापडली. बाहुलीच्या लग्नाचा नाच पुन्हा चित्रित करायचा ठरला, तेव्हा ध्वनिमुद्रक डग्लस शिअररने आधीचेच मुद्रण कर्ण्यांवर वाजवून नाचणाऱ्यांना त्यावर नाचायला लावले. आपल्याकडच्या पार्श्वगायनाचे तत्त्वही हेच, गाणे आधी आणि चित्र नंतर. तो नाच मुळात दोन रंगांच्या टेक्निकलर या रंगीत चित्रणपद्धतीत होता. आज त्याची कृष्णधवल प्रतच उरली आहे, तेव्हा फलकावर 'रंगीत' लिहू नका.

आता दाखवण्याबद्दल. या चित्रपटाचे चित्र आजच्या पडद्यापेक्षा अरुंद आहे. प्रोजेक्टरवर चित्र ताणून पडदा भरला की नर्तकी बुटक्या दिसतात, आणि 'झूम' केले की पाय कापले जातात. नाचाच्या चित्रपटात पायच गेले तर उरले काय? दहा फूट रुंद, सोळास नऊ प्रमाणाच्या पडद्याची उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर असते. त्यावर हे चित्र प्रतीनुसार पावणेसात ते साडेसात फूट रुंद यायला हवे. बाजूचे काळे पट्टे तसेच राहू द्यावेत.

आवाज एकमार्गी (मोनो) आहे. कर्णा एकच, पडद्याजवळ. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक लावला की शब्द एकमेकांवर चढतात. बास वाढवू नका. त्या काळच्या मुद्रणात तो फारसा नाहीच, वाढते ती घरघर.

किनाऱ्यावर पडद्याची फक्त चार टोके बांधली तर तो शिडासारखा फुगतो आणि मधला फोकस जातो. चारही कडांना फुटाफुटावर दोरी घ्यावी, खाली बांबू ओवावा. उपशीर्षके (सबटायटल) मराठीत नसतील, तर सुरुवातीला दोन मिनिटे कथानक वाचून दाखवावे, फक्त शेवट सांगू नये.

मध्यंतर हवे तिथे घ्या, पण हँक रंग पुसत असताना कोणी दिवे लावू नयेत किंवा चहा फिरवू नये, एवढी आयोजकांना विनंती.

आपले,
काही चित्रपटरसिक,
कुडाळ व मालवण