कुंडीतून जमिनीत

न्यू जर्सी,
१४ जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं ठरवून तीन रविवार गेले. दर वेळी आईचं "जेवलीस का?" आलं आणि माझं बोलणं तिथेच राहिलं. म्हणून लिहिते. डिसेंबरात आम्ही कायमचे परत येत नाही आहोत. इथेच राहायचं ठरवलं आहे.

बाबा, आता तुम्ही चष्मा काढून ठेवाल. ठेवू नका, पुढचं वाचा. छोटीचं बोलणं आत्ता कुठे सुटलंय, ज्या बाईंमुळे सुटलं त्यांच्यापासून तिला तोडायचा मला धीर होत नाही. तुमच्या जावयाचं काम तिकडे मिळालं असतं, नाही असं नाही. पण पुन्हा बंगलोर, पुन्हा तुमच्यापासून रात्रभराचा प्रवास. मग वाईला येऊन राहिल्यासारखं कुठे झालं असतं? हे सगळं मी स्वतःलाही शंभरदा सांगितलं आहे.

नऊ वर्षं मी तुम्हाला कुंड्याच दाखवत आले. निघायची वेळ आली की कुंडी उचलून कुणालाही देता येते. गेल्या ऑक्टोबरात मात्र या घराच्या मागे जमिनीत खड्डे खणले. मन तेव्हाच ठरलं होतं. तुम्हाला सांगायला नऊ महिने लावले, त्याबद्दल मला माफ करा.

लावलं ते हमिंगबर्डसाठी. अमेरिका खंडांबाहेर हा पक्षी नाही. आमच्या भागात घरटं करणारी त्याची एकच जात, नराचा गळा माणकासारखा लाल. वजन जेमतेम तीन ग्रॅम. आपल्या शिंजीराच्या नात्यातला नाही, पण पाहिलात की तुम्हाला शिंजीरच आठवेल. शिंजीर बहुधा फांदीला धरून फुलात चोच घालतो. हा हवेतच उभा राहून पितो आणि मागच्या मागे उडत फुलातून बाहेर येतो.

हिवाळा मेक्सिको आणि त्याच्याही खाली काढून ते एप्रिलअखेर इथे पोचतात. वाटेत कित्येक जण आठशे किलोमीटरचा समुद्र न थांबता ओलांडतात. इतक्या लांबून आलेल्याला दारात फूल दिसायला हवं, म्हणून आधी कोलंबाइन. ती सावलीत होते आणि मेच्या सुरुवातीला लाल-पिवळी फुलं खाली माना घालून लटकतात. कुंपणावर हनीसकलचा वेल आहे, तोही इथलाच, लांब लाल नळ्यांचा. जपानी हनीसकल सुवासिक असतो, पण रान माजवतो, तो मी आणला नाही. आता मोनार्डा ऐन भरात आहे. ऑगस्टमध्ये उताराच्या ओल्या कोपऱ्यात कार्डिनल फ्लॉवर येईल. एक संपेपर्यंत दुसरं उमललेलं असावं, एवढंच सांभाळायचं. औषध कशावरच मारत नाही. पिल्लांना मादी बारीक किडेही भरवते.

आई, मोनार्डा तुळशीच्याच कुळातली आहे गं. दांडा चौकोनी, पान चुरगळलं की बोटांना ओव्यासारखा वास. काल सकाळी मी तिच्याजवळ पाइप धरून उभी होते आणि हाताच्या अंतरावर मादी आली. गळा पांढरा, कपाळावर पिवळे परागकण लागलेले. पंखांचा आवाज तुझ्या शिलाई मशीनसारखा, मी तापात माजघरात पडलेली असताना पडवीतून यायचा तसा. पाण्याने पाय भिजले तरी हलले नाही. एकदम लहान झाले. दोरीवर शिंजीराने घरटं केलं त्या वर्षी तू चार महिने कपडे गच्चीत वाळवलेस, ते आठवलं.

पुढच्या एप्रिलअखेर तुम्ही यायचं, आणि चांगलं राहायचं. खालची खोली तुमची. एकही जिना नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला आहे, पलंग बाबांच्या गुडघ्याला बेताचा आहे. किराण्याच्या दुकानात ज्वारीचं पीठ, कढीपत्ता, सगळं मिळतं. खिडकीतून मोनार्डा दिसते. आई, तुला इथे एकटं वाटू देणार नाही, मी शब्द देते.

आता नीट ऐका. बाबा, स्टुलावर चढून वेलीला पाणी घालायचं नाही. रक्तदाबाची गोळी बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. आई, साखर तपासलीस की आकडा मला कळव, "ठीक आहे" नको. दोघांनी डोळे दाखवून या. जास्वंदीची फांदी बॅगेत घालू नका, विमानतळावर काढून घेतात. आणि इथे आल्यावर हमिंगबर्डच्या साखरपाण्यात मायेने गूळ किंवा मध घालू नकोस हं आई. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, रंग नाही. उन्हाळ्यात ते दर दोन दिवसांनी बदलायचं. ते काम मी बाबांसाठी राखून ठेवलं आहे.

रागावला असाल तर रागवा, पण रविवारी फोन उचला. डिसेंबरात मी तीन आठवडे येतेच आहे, छोटीला घेऊन. तोवर आई, सगळी जास्वंदं गणपतीला काढू नकोस. दोन शिंजीराला ठेव, बाबा रोज मोजतात.

तुमची,
चिमी