बेतीहून पणजी

चि. निखिलेश यास,
अनेक आशीर्वाद.

अकादमीतल्या व्याख्यानात गोवा मुक्तीच्या लढाईतल्या सगतसिंगांचं नाव निघालं, गोव्याचा म्हणून सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या आणि तुला धड चार वाक्यं बोलता आली नाहीत, हे परवा फोनवर ऐकलं. आजोबा असते तर आठवडाभर तुझ्याशी बोलले नसते. म्हणून लिहायला बसले.

१८ डिसेंबर १९६१ ला सैन्य गोव्यात शिरलं तेव्हा मुख्य चढाई १७ इन्फंट्री डिव्हिजनची होती, पूर्वेकडून. ब्रिगेडियर सगतसिंगांच्या छत्रीधारी सैनिकांच्या ५० पॅरा ब्रिगेडने उत्तरेकडून त्यांना हातभार लावायचा, एवढंच ठरलेलं. वाटेत सुरुंग पेरलेले, पूल उडवलेले. दोडामार्गाहून शीख लाइट इन्फंट्री रणगाड्यांसह निघाली, ती अस्नोड्याला आली तर तिथलाही पूल गेलेला. तरी संध्याकाळी ही मंडळी बेतीला हजर! समोर मांडवी, पलीकडे पणजी. १९ तारखेच्या सकाळी नदी ओलांडून पणजीत पहिले शिरले ते हातभार लावायला आलेलेच.

आजोबा तेव्हा पणजीत एका पेढीवर कारकून होते. अर्धी फळी लावून दुकानाच्या फटीतून बघत होते म्हणे. लढाई आली की लोकांना भीती वाटते ती लोखंडी टोपाची. सगतसिंगांनी शहरात शिरताना टोप उतरवून पॅराच्या गडद तांबड्या कापडी टोप्या (बेरे) घालायला लावल्या होत्या. आजोबांना त्यामागचा हुकूम ठाऊक असायचं कारणच नव्हतं, पण "त्यांची तोंडां दिसली, मगे दार उघडलें," हे ते दर डिसेंबरात सांगायचे. मला विचारशील तर या माणसाची सगळी हुशारी मला त्या टोप्यांत दिसते.

दुसऱ्या बाजूच्या सेनापतीलाही विसरू नकोस. शेवटपर्यंत लढा, शरण जाऊ नका, असा गव्हर्नर वासालो ई सिल्वा यांना पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता. त्यांनी तो पाळला नाही, १९ च्याच रात्री शरणागतीवर सही केली. पुढे पोर्तुगालने त्यांना सैन्यातून काढलं. आपली पणजी शाबूत राहिली त्यात त्यांचाही वाटा आहे, हे आपल्याकडे मोठ्याने कोणी म्हणत नाही.

सगतसिंगांची रीत पुढेही तीच. १९६५ मध्ये चीनने दम दिला तेव्हा सिक्कीममध्ये मागे सरकायचं ठरत होतं. शेजारची ‘जेलेप ला’ ही खिंड सोडली गेली आणि चीनकडे गेली. यांनी ‘नाथू ला’ ही खिंड सोडली नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात त्यांच्या ४ कोअर या सैन्यदळाची मजल मेघना नदीपर्यंतच आखलेली, आणि आशुगंजचा पूल पाकिस्तान्यांनी उडवलेला. ग्रुप कॅप्टन चंदनसिंगांची एमआय-४ हेलिकॉप्टरं हाताशी होती. ९ डिसेंबरपासून त्यांनी जवान नदीपल्याड उतरवायला सुरुवात केली आणि ढाक्याची वाट मोकळी झाली. अस्नोड्याचा पूल आणि आशुगंजचा पूल एका नकाशावर येत नाहीत, पण माणूस तोच होता ना!

आता जे मला खटकतं ते. पद्मभूषण मिळालं, पण एवढ्या लढाया करून शौर्यपदक एकही नाही, आणि आर्मी कमांडरही झाले नाहीत. १९७६ ला निवृत्त झाले. वरिष्ठांना न जुमानणाऱ्याचं असंच होतं, असं तुझे बाबा म्हणतात. मला ते पटत नाही. यांनी न जुमानता काही मोडलं नाही, उलट जास्त करून दाखवलं. २६ सप्टेंबर २००१ ला ते गेले. तेव्हाची वर्तमानपत्रं अमेरिकेतल्या हल्ल्याने भरलेली. आजोबांना बातमी बऱ्याच उशिरा कळली. "पणजेक आयिल्लो तो?" एवढंच विचारलं आणि त्या दिवशी जेवायला फार वेळ लावला.

व्याख्यात्यांना एक विचार माझ्या वतीने: बेतीला थांबलेल्या तुकडीला त्या रात्री नेमका काय हुकूम होता? आणि ते जे सांगतील ते मला तसंच्या तसं लिहून पाठव, फोनवर अर्धवट सांगतोस. थंडीत मोजे ओले ठेवू नकोस.

तुझी,
आई