मधल्या वयाची पुस्तकं शोधून देणाऱ्यांचे आभार

माझी भाची परीकथांमधून बाहेर पडली होती आणि मोठ्यांच्या कादंबऱ्यांना अजून अवकाश होता. या मधल्या वयाला काय द्यावं, हे ज्यांनी दाखवलं त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

वाचनालयातल्या ताई, तुम्ही तिचं वय विचारलं नाहीत, 'तिला सध्या कसले प्रश्न पडतात?' असं विचारलंत. मग १९४३ सालच्या डेन्मार्कमधली कादंबरी हातात ठेवलीत. नाझींच्या तावडीतून ज्यू कुटुंबांना होड्यांतून स्वीडनला पोचवणाऱ्यांची गोष्ट. शेवटचं लेखकाचं टिपणही वाचा, असं बजावलंत. कुत्र्यांना लपलेल्या माणसांचा वास लागू नये म्हणून रुमालांना सशाचं वाळलेलं रक्त आणि कोकेन लावत, हे रचलेलं नाही, खरंच घडलेलं आहे, हे तिथे कळलं. भाची ते पान घेऊन घरभर फिरली! खरं कुठवर आणि कल्पित कुठून, हे ती आता प्रत्येक पुस्तकात तपासते. ऐतिहासिक कादंबरीने मुलांना याहून मोठं काय द्यावं?

शेजारच्या टेबलावर अभ्यास करणाऱ्या दादा, तुझेही आभार. आईवडील वेगळे झालेल्या मुलाची, आजच्या काळातली कादंबरी तू सुचवलीस. 'शेवट गोड नाही, पण खोटाही नाही,' एवढंच म्हणालास. भाचीने ती वाचून लगेच एका मैत्रिणीला दिली. तिच्या घरी तेच चाललं होतं.

आणि त्या कादंबरीत पुढच्या पुस्तकांची चिठ्ठी ठेवून गेलेल्या वाचका, तुझी सगळी यादी आम्ही वाचतो आहोत.