पश्चिमेची काच आणि एसीचे टन

मा. संपादक,
स. न.

सोलापुरात ऑफिसांना एसी बसवून देण्याचा माझा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक माझ्याकडे येतं तेव्हा इमारत उभी राहिलेली असते, काच आणि एसीपीचे (अॅल्युमिनियमचे सजावटीचे) पत्रे चढलेले असतात, आणि त्याला एवढंच विचारायचं असतं, ‘किती टन लागतील?’ त्याचं उत्तर एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप, पास झालं त्याच दिवशी ठरून गेलेलं असतं. ज्यांची ऑफिसं अजून कागदावर आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

होटगी रोडला, सात रस्त्याला नवं काही उभं राहिलं की रस्त्याकडची अख्खी बाजू काचेची. रस्ता पश्चिमेला असला तरी काचच. तीस फूट लांब आणि दहा फूट उंच, म्हणजे साधारण २८ चौरस मीटर साधी काच घ्या. मे महिन्यात दुपारी चारला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला सहाशे वॅटच्या आसपास ऊन पडतं, आणि साधी काच त्यातलं ऐंशी टक्के आत सोडते. हे झाले तेरा किलोवॅटच्या वर. एक टनाचा एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढणारा, तेव्हा पावणेचार टन एसी नुसता त्या काचेसाठी! माणसं, कॉम्प्युटर, छत यांचा हिशोब अजून धरलेलाच नाही. त्याच जागी नऊ इंची विटांची, पांढऱ्या रंगाची भिंत असती तर अर्ध्या टनाच्या आसपास भागलं असतं. शिवाय विटेतून ऊन आत पोचायला सहा-सात तास लागतात. तोवर ऑफिसला कुलूप लागलेलं असतं. घरासाठी ही भिंत रात्री तापदायक ठरते, ऑफिसला मात्र फायद्याची.

मालक म्हणतात, फिल्म लावू, पडदे लावू. पडद्यापर्यंत आलेलं ऊन खोलीत आलेलंच असतं. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर. तिथंही आपल्याकडे सरसकट आडवा छज्जा काढतात. दक्षिणेला तो चालतो, कारण तिकडचा सूर्य उंचावर असतो. पश्चिमेचा सूर्य कलून छज्ज्याखालून थेट टेबलावर येतो; तिथं उभ्या पट्ट्या किंवा जाळी हवी. एका ऑफिसात मी पाहिलं, कॅशियरने काचेला आतून पुठ्ठे चिकटवलेले, त्यावर जाड पडदा, आणि भर दुपारी चारला सगळ्या ट्यूबलाइट चालू. उजेडासाठी महागडी काच घ्यायची आणि मग ती झाकून विजेचा दिवा लावायचा, याला काय म्हणावं?

खर्च एसीपाशी थांबत नाही. टन वाढले की केबल जाड, पॅनेल मोठं, जनरेटर मोठा, आणि महावितरणकडे मंजूर भारही जास्त घ्यावा लागतो. त्याचा स्थिर आकार डिसेंबरमध्ये एसी बंद असला तरी भरावा लागतो. काचेचं काम विटेच्या भिंतीपेक्षा महाग असतं ते वेगळंच. इमारतीला उगाच खाचे-कोपरे पाडले किंवा ती लांबट केली तरी तेच, तापणारी बाहेरची भिंत वाढते. चारशे चौरस मीटरचा मजला २० बाय २० मीटरचा केला तर बाहेरची भिंत ८० मीटर होते, १० बाय ४० चा केला तर १००.

आणि आऊटडोअर युनिटं. ती दिसली की एलिव्हेशन बिघडतं, म्हणून एसीपीच्या मागे हातभर रुंदीच्या बोळात कोंबायला लावतात. युनिटने बाहेर टाकलेली गरम हवा तिथंच घुटमळते आणि पुन्हा त्यातच ओढली जाते. बाहेर ४३ अंश असताना त्या बोळात किती होत असेल, बघा. कॉम्प्रेसर हाय प्रेशरवर ट्रिप होतो, म्हणजे दाब वाढून आपोआप बंद पडतो, आणि मग मला फोन. एका ठिकाणी तर शिपाई पाइपने युनिटांवर पाणी मारत होता. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात!

केंद्राची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. २०१७ च्या त्या आवृत्तीत आपला भाग उष्ण-कोरड्या हवामानात येतो. काच बाह्य भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंतच, आणि उत्तर सोडून इतर बाजूंच्या काचेतून उन्हाचा २७ टक्क्यांपेक्षा जास्त भाग आत यायला नको. वरच्या हिशोबात ही काच घातली तर पावणेचारचे सव्वा टन होतात. पण संहिता १०० किलोवॅट जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांचा मिळून भार) किंवा १२० केव्हीए मागणीच्या पुढच्या इमारतींसाठी आहे. आपल्याकडची बहुतेक ऑफिसं त्याखालीच, त्यामुळे विचारणारं कोणी नाही.

आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत दीड-दोन फुटी भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर आणि झरोक्याएवढी खिडकी असे. तसं ऑफिस बांधा असं माझं म्हणणं नाही, अंधारात कोण काम करणार? उत्तरेला हवी तेवढी मोठी खिडकी घ्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, म्हणून गच्चीवर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवा. मात्र पश्चिमेला जिने, संडास, रेकॉर्ड रूम टाका. त्याने चौरस फूट एकही वाया जात नाही.

नकाशा मंजुरीला देण्याआधी मालकांनी आर्किटेक्टला एवढं तरी विचारावं : पश्चिमेला काच किती चौरस फूट, आणि आऊटडोअर कुठं ठेवणार? महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागानेही अर्जात हे दोन रकाने घातले तर फार बरं होईल. माझं बिल टनावर बनतं, तेव्हा हे सांगून मी माझंच नुकसान करून घेतोय. पण मे महिन्यात ट्रिप झालेल्या युनिटापाशी उभं राहून शिव्या खाण्यापेक्षा ते परवडलं.

आपला,
एक एसी ठेकेदार, जुळे सोलापूर