फ्लॅगस्टाफहून पत्र: पावसाआधीची वीज

फ्लॅगस्टाफ, अ‍ॅरिझोना
८ जुलै

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही दोघे आणि मुले खुशाल आहोत. बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की, मान्सून दोन दिवसांवर आला असे तुम्ही लोक म्हणता आणि त्याच आठवड्यात वणव्याचा इशाराही देतात, हे कसे? दोन वाक्यांत सांगण्याजोगे उत्तर नव्हते, म्हणून हे पत्र.

अ‍ॅरिझोना म्हटले की तिकडे सर्वांना निवडुंगाचे वाळवंटच आठवते, पण आमचे गाव साधारण सात हजार फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट उंचीवर आहे. उत्तरेला सान फ्रान्सिस्को पीक्स ही शिखरे उभी आहेत, त्यांतले सर्वांत उंच हंफ्रीज १२,६३३ फूट आहे, आणि त्यांच्या पायथ्यापासून मैलोनमैल पाँडेरोसा पाइनचे जंगल पसरलेले आहे. येथल्या होपी या आदिवासी लोकांच्या श्रद्धेनुसार पाऊस आणणारे काचिना नावाचे दैवी आत्मे याच शिखरांवर वास करतात. वर्षभराचा पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून सुमारे वीस इंच पाणी पडते आणि त्यातला एक तृतीयांशाहून अधिक वाटा उन्हाळी पावसाचा असतो. जून मात्र जवळजवळ कोरडा जातो. हिवाळ्यातले बर्फ तोवर वितळून गेलेले असते, दुपारी हवेतली आर्द्रता कित्येकदा दहा टक्क्यांच्याही खाली उतरते आणि झाडांखाली साचलेल्या पाइनच्या सुया पायाखाली कडकड मोडतात.

येथल्या मान्सूनचे मूळ आपल्यासारखेच आहे: जमीन तापते आणि वाऱ्यांची दिशा बदलते. मे-जूनमध्ये पश्चिमेचे कोरडे वारे वाहतात. जूनच्या अखेरीस वातावरणाच्या वरच्या थरातले उच्च दाबाचे क्षेत्र मेक्सिकोकडून उत्तरेला सरकते, त्याच्या दक्षिण बाजूने आग्नेयेचे वारे येऊ लागतात, आणि मेक्सिकोच्या सिएरा माद्रे पर्वतावरचे व कॅलिफोर्नियाच्या आखातावरचे बाष्प आमच्याकडे पोहोचते. हवामान खात्याने २००८ पासून १५ जून ते ३० सप्टेंबर हा मान्सूनचा काळ ठरवून टाकला आहे. त्यापूर्वी तो दवबिंदू, म्हणजे हवेतले बाष्प ज्या तापमानाला दव होऊन जमू लागते ते तापमान, पाहून ठरवत असत. मृग लागला म्हणून पाऊस पडतोच असे नाही, हे माणदेशात राहणाऱ्या तुम्हाला मी काय सांगावे?

खरी अडचण सुरुवातीच्या दिवसांची आहे. बाष्प पहिल्यांदा येते ते बहुधा वरच्या थरांत, खालची हवा जूनइतकीच कोरडी राहते. डोंगर सकाळपासून तापतात, त्यांच्यावरून हवा वर चढते आणि दुपारी एक-दोनच्या सुमारास शिखरांवर ढगांचे मनोरे उभे राहतात. या ढगांचे तळ इतके उंच असतात की त्यांतून सुटलेला पाऊस खालच्या कोरड्या हवेतच विरून जातो. दुरून पाहिले तर ढगाखाली राखाडी पडदे लोंबताना दिसतात, पण त्यांची खालची कड जमिनीला टेकत नाही. पाऊस वाटेत आटतो, वीज मात्र आटत नाही. एक दशांश इंचाहूनही कमी पाऊस देणाऱ्या अशा वादळाला येथे कोरडे वादळ म्हणतात आणि तुम्ही विचारलेला इशारा याच वादळांसाठी असतो.

तुम्हाला हे सारे ओळखीचे वाटेल, कारण मला तर ही वादळे मान्सूनपेक्षा आपल्या वळवाचीच भावंडे वाटतात: तीच दुपारची वेळ, तीच धूळ, त्याच गारा. फरक आहे तो खालच्या जमिनीचा. आपल्याकडे वळीव येतो तेव्हा रान नांगरून मोकळे असते आणि भीती असते ती माणसांची, गुरांची व झाडाखाली थांबणाऱ्यांची. येथे वीज राळेने भरलेल्या पाइनवर पडते. काही वेळा झाड लगेच पेटत नाही. खोडाच्या आत निखारा धुमसत राहतो आणि कित्येक दिवसांनी वारा सुटला की धूर दिसू लागतो. म्हणूनच उपग्रहांच्या काळातही टेकड्यांवरच्या मनोऱ्यांत माणसे दुर्बिणी घेऊन बसलेली असतात.

विजेइतकाच धोका वाऱ्याचा. हवेत विरणारा पाऊस भोवतालची हवा थंड व जड करतो, ती हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चारी दिशांना पसरते. आधीच एखादी आग लागलेली असेल तर तिची दिशा काही मिनिटांत फिरते. २८ जून २०१३ रोजी यार्नेल गावाजवळच्या टेकडीवर वीज पडून लहानशी आग लागली. ३० तारखेच्या दुपारी जवळच्या वादळातून सुटलेल्या वाऱ्याने ती उलट फिरवली आणि प्रेस्कॉट शहराच्या अग्निशमन पथकातले एकोणीस जण तिच्यात सापडून मरण पावले. येथे ती घटना सांगताना अजूनही लोकांचा आवाज खाली येतो.

आता तुम्ही म्हणाल, पुढे खरा पाऊस आला की संपले. तसेही होत नाही. आग तीव्र असली की वनस्पतींतले मेणासारखे पदार्थ वाफ होऊन मातीत उतरतात आणि थोड्या खोलीवर थिजतात, त्यामुळे जमीन पाणी पिईनाशी होते. २०१० च्या जूनमध्ये विझवल्याविना सोडलेल्या शेकोटीतून शिखरांच्या पूर्व उतारावर शुल्ट्झ नावाचा वणवा लागला आणि सुमारे पंधरा हजार एकर जंगल जळाले. महिन्याभरातच, २० जुलैला, त्या उतारावर जोराचा पाऊस झाला आणि राख, दगड व ओंडके घेऊन आलेल्या पुरात बारा वर्षांची एक मुलगी वाहून गेली. २०१९ च्या म्युझियम वणव्याची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. त्या वर्षीचा आणि पुढच्या वर्षीचा मान्सून जवळजवळ कोराच गेला, लोक निर्धास्त होत आले, आणि २०२१ च्या पावसाळ्यात शहराच्या पूर्व भागातल्या वस्त्यांमध्ये पुन्हापुन्हा चिखलाचे पूर आले.

यात माणसाचाही हात आहे, असे माझे मत झाले आहे. पाँडेरोसाची साल जाड असते आणि पूर्वी दर काही वर्षांनी जमिनीलगत पसरणारी हलकी आग हे जंगल सहज सोसत असे. जुन्या खोडांच्या वलयांत त्या आगींचे व्रण आजही मोजता येतात. गेल्या शतकात दिसेल ती आग विझवण्याचे धोरण राहिले, त्यामुळे कोवळी झाडे दाटीने वाढली आणि जमिनीवरच्या आगीला शेंड्यापर्यंत चढायला जणू शिडीच मिळाली. आता वनखाते झाडे विरळ करते, मुद्दाम हलक्या आगी लावते आणि पाऊस स्थिरावल्यावर विजेने लागलेली एखादी आग नजरेखाली जळू देते. धुराबद्दल शेजारी कुरकुरतात, पण मला ते धोरण पटते.

आईने काळजी करू नये. आमचे घर पूर येणाऱ्या ओढ्यांपासून दूर आहे, कागदपत्रे व औषधे एका पिशवीत दारापाशी ठेवली आहेत आणि दुपारी बारानंतर मुलांना डोंगरावर नेत नाही. काल रात्री प्रथमच अर्धा तास नीट पाऊस झाला. तेवढ्याने जंगल भिजले असे मी म्हणणार नाही. आठवडाभर असाच पडला तर वनखाते बंद केलेल्या पायवाटा उघडील.

तिकडे पेरण्या झाल्या का आणि विहिरीला किती पाणी आले आहे, ते सविस्तर कळवावे. धाकट्यांना आशीर्वाद.

तुमची,
वैशाली