दोन मिनिटं ग्राइंडर थांबवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी भाषणं झाली, हार झाला, सामोसे झाले. मला बोलायला उभं केलं तेव्हा 'थँक्यू काका' एवढंच तोंडातून निघालं. म्हणून हे पत्र. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी दुसऱ्या एका कारखान्यात दीड वर्ष काढलं. पद क्वालिटी इन्स्पेक्टरचं, काम मात्र दाखवतील तिथे सही करायचं. कार्बन फायबरचा प्रीप्रेग, म्हणजे आधीच रेझिन मुरवलेलं कापड, उणे 18 अंशांच्या फ्रीझरमधून काढला की सीलबंद पिशवीतच निवांत खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, असं तिथल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेलं. आणि ऐन जुलैत, आपल्याकडे कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते त्या दिवसांत, घाईघाईने पिशवी फाडायचे. रोलवर दव धरायचं. मी ते लिहून ठेवलं तर सुपरवायझर म्हणाला, "पुसून घे गो. तू काय शाळेतली बाई, चुका काढायला?" ओल आत राहिली की ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, तापल्यावर थरांत पोकळ्या धरतात, हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! डिचोलीला परतताना बसमध्ये मला रोज वाटायचं, आपलाच स्वभाव किरकिरा.

तोच किरकिरा स्वभाव घेऊन तुमच्याकडे आले. चवथीच्या आधीचा आठवडा, माल काढायची घाई, अर्ध्या माणसांचं लक्ष गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या बाजारात. आत कुठे थर सुटलेत का ते ऐकायला पॅनेलवर नाण्याने टकटक करत गेले आणि एका कोपऱ्याजवळ आवाज बदलला. चांगल्या जागी खणखणीत वाजतं. इथे नासका नारळ वाजवल्यासारखं बद्द. प्रॉडक्शनवाल्यांनी नाणं घेऊन स्वतः वाजवलं, म्हणाले काही नाही. शेजारी ट्रिमिंगचं ग्राइंडर किंचाळत होतं. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा मलाही फरक कळेना.

तुम्ही आलात. वाटलं, आता नाणं माझ्या हातातून घेणार. तुम्ही ट्रिमिंगकडे वळून हात वर केलात. "दोन मिनिटं बंद करा रे ते. तिला ऐकू दे."

सगळं थांबलं. नशिबाने पाऊसही उघडला होता, नाहीतर त्याला कोण सांगणार! मी वाजवलं. बद्द. तुम्ही एवढंच विचारलंत, "कुठून कुठपर्यंत?" मी मार्करने गोल काढला. माल अडवायच्या लाल टॅगवर तुम्ही माझ्या सहीखाली सही केलीत. खाली, काका.

दुसऱ्या दिवशी अल्ट्रासॉनिक तपासणीत थर सुटलेले निघाले, ते असो. निघाले नसते तरी हे पत्र मी लिहिलंच असतं.

तेव्हापासून अशी माणसं मला दिसायला लागली आहेत. धावत येणाऱ्या बाईसाठी बस थांबवून धरणारा कदंबचा कंडक्टर, आईचा फॉर्म न कुरकुरता भरून देणारी बँकेतली मुलगी. आधीही होतीच ती. त्या दीड वर्षात माझीच नजर विटली होती.

तुमचं ते दोन रुपयांचं नाणं खणात राहिलं होतं. माझ्याकडे आहे. चवथीला डिचोलीला या, नेवऱ्या असतीलच, तेव्हा देते. राहू दे म्हणालात तर मी आग्रह करणार नाही, हाताला त्याची सवय झाली आहे.

देव बरें करूं.

तुमची,
नाणंवाली