हात तिथेच धरून ठेवल्याबद्दल

ऑडिओलॉजिस्ट ताईंना,
सप्रेम नमस्कार.

किल्ल्यांचा जुडगा वाजवून झाल्यावर तुम्ही हात मागे घेतला नाहीत. त्या एवढ्याशा गोष्टीसाठी हे पत्र.

आईच्या एकाच कानाला श्रवणयंत्र आहे, आणि आवाज कुठून येतो हे ओळखायला तिला शिकायचं होतं. आधीच्या ठिकाणीही तिला डोळे मिटायला लावून आवाज करत. ती बोट दाखवायची, समोरचा माणूस हात खाली घेऊन कागदावर फुली मारायचा आणि लगेच पुढचा आवाज. आपलं चुकलं एवढंच तिला कळायचं; आवाज कुठून आला होता हे कधीच नाही. त्याला ते सराव म्हणत. ती नुसती परीक्षा होती, आणि वर "होईल सवय" हे ऐकायला लागायचं. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही हात होता तिथेच धरलात, तिला डोळे उघडायला सांगितलंत आणि जुडगा त्याच जागी पुन्हा वाजवलात. दिसणं आणि ऐकू येणं एकाच क्षणी, एकाच जागी. कानाची चूक मेंदूला दाखवून देणारा शिक्षक म्हणजे डोळा, आणि तुम्ही त्या शिक्षकाला वर्गात येऊ दिलंत.

मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एरिक नुडसेन यांनी गव्हाणी घुबडांच्या पिल्लांना समोरचं दृश्य 23 अंशांनी बाजूला सरकवणारे प्रिझम चष्मे लावले होते. घुबडाचे डोळे खोबणीत जवळजवळ हलतच नाहीत, त्यामुळे प्रिझममधून सुटका नाही. काही आठवड्यांत पिल्लांच्या मेंदूतला, आवाज कुठून येतो हे सांगणारा नकाशा त्या सरकलेल्या दृश्यामागे गेला. डोळा खोटं सांगत असतानाही कानाने त्याचंच ऐकलं! प्रौढ घुबडांना ही एवढी उडी एकदम झेपली नाही. पण प्रिझम 6, 11, 17, 23 अंश असे पायरीपायरीने वाढवले तेव्हा त्यांचाही नकाशा बराच सरकला. ज्या प्रौढ घुबडांना जिवंत उंदीर पकडावे लागले, त्यांच्यात तो मेलेले उंदीर खाणाऱ्यांपेक्षा सुमारे पाचपट सरकला. तुम्ही अगदी समोरून, लहान कोनांपासून सुरुवात केलीत आणि आईला नुसतं बोट न दाखवता जुडगा हाताने पकडायला लावलात, ते म्हणूनच इतकं बरोबर होतं.

एकाच कानाला यंत्र असलं की काम आणखी अवघड. आवाजाची दिशा मेंदू ओळखतो ती दोन कानांतल्या फरकावरून. आवाज दोन्ही कानांत पोचण्याच्या वेळेतला नैसर्गिक फरक फार तर 0.7 मिलिसेकंदाच्या आसपास असतो. डिजिटल यंत्र आवाजावर प्रक्रिया करायलाच काही मिलिसेकंद घेतं. वेळेचा हिशोब असा बिघडला की भिस्त उरते ती कोणत्या कानात आवाज मोठा आहे यावर. सेटिंग बदललं की नेमका हाच फरक बदलतो. दर आठवड्याला "थोडं वाढवून बघू" करणाऱ्यांनी शिकलेलं दर आठवड्याला पुसून टाकलं. तुम्ही सेटिंग गोठवलंत आणि यंत्र दिवसभर कानावर ठेवायला सांगितलंत.

जुडगाच का, हेही तुम्ही आईला समजावलंत. किल्ल्यांच्या आवाजात अनेक वारंवारता एकत्र असतात. फोनच्या एकसुरी बीपची जागा धड कानाच्याही माणसाला पटकन सापडत नाही. खोली पडद्यांची निवडलीत, म्हणजे भिंतींवरून येणारा प्रतिध्वनी कमी.

समोरच्याचे डोळे उघडेपर्यंत थांबायला दोन सेकंद लागतात. ते दोन सेकंद देणारी माणसं फार थोडी भेटतात, ताई.

समोरच्या आणि बाजूच्या आवाजांकडे आईचं बोट आता बरोबर जातं. पुढचा की मागचा, हा गोंधळ अजून होतो, कारण यंत्राचा मायक्रोफोन कानामागे आहे आणि कानाच्या पाळीच्या वळ्यांतून येणारी खूण त्याला मिळत नाही. अशा वेळी ती तुम्ही शिकवल्याप्रमाणे मान थोडी फिरवते. जुडगा हल्ली माझ्या हातात असतो. तिचे डोळे उघडेपर्यंत मी तो हलवत नाही.

तुमची,
त्यांची मुलगी